‘स्वकीय कुशल लिहीत जाणे’

वाचकाचं पत्र

मी साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका, वय 63. दर पंधरवड्याला मोडी लिपीविषयी एक ई-पत्र पाठवते. 2019 मध्ये सुरुवात केली तेव्हा साठ-पासष्ट जण होते. सगळ्यांना बीसीसीत घालून साध्या जीमेलवरून पाठवायचे. दर वेळी दहा-बारा उत्तरं यायची. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदींच्या निमित्ताने मोडीची चर्चा सुरू झाली आणि नावं वाढत गेली. मग भाच्याने न्यूजलेटरची सेवा लावून दिली. आता छान साचा आहे, वर प्रत्येकाचं नाव आपोआप येतं. आज 1,140 वाचक आहेत आणि चाळीस टक्के लोक पत्र उघडतात असं आकडा सांगतो. पण गेल्या चौदा महिन्यांत उत्तर एकही नाही. शेवटी ‘आपला अभिप्राय जरूर कळवावा’ असं न चुकता लिहिते. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं वाटतं. मी स्वतःविषयी जास्त लिहावं का? व्हॉट्सॲप ग्रुप करावा का? की हे बंदच करावं? सोबत लिंक आणि दोन अंक जोडले आहेत, एक जुना, एक नवा.

— एक मोडीवेडी, सातारा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

बंद करू नका. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी लिंकवर जाऊन नाव नोंदवलं. परवा रविवारी तुमचा नवा अंक आला. एका जुन्या कर्जरोख्याबद्दल होता, मी तो चहा थंड होईपर्यंत वाचत बसले. मग ‘रिप्लाय’ दाबलं, दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. मिनिटभरात माझी मेल परत आली. वर बघितलं तर पत्ता होता ‘नो-रिप्लाय’. त्या नावाची पेटीच अस्तित्वात नाही.

म्हणजे ताई, चौदा महिने तुम्हाला कुणी लिहिलंच नाही असं समजू नका. कितीजणांनी लिहिलं आणि ते परत गेलं, हे आता कळायला मार्ग नाही. भाच्याला बोलू नका. बँका, दुकानं, विमा कंपन्या अशाच पत्त्यावरून मेल पाठवतात, त्याने तोच नमुना उचलला असणार. आज त्याला फोन करून दोन गोष्टी बदलून घ्या. पाठवणाऱ्याच्या जागी ‘मोडी वर्ग’ऐवजी तुमचं स्वतःचं नाव, आणि उत्तराचा पत्ता म्हणून तुम्ही रोज उघडता तीच पेटी. बदलल्यावर स्वतःलाच एक अंक पाठवा, त्याला उत्तर द्या, आणि ते कुठे येऊन पडतं ते डोळ्यांनी बघा.

त्यानंतर पुढच्या अंकाची वाट न बघता सगळ्यांना चार ओळींचं साधं पत्र पाठवा. साचा नको, चित्र नको. ‘तुम्ही मला आधी लिहिलं असेल तर ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. पत्ता चुकीचा होता, चूक माझ्या बाजूची आहे. आता या पत्राला उत्तर दिलंत तर ते थेट मला मिळेल.’ एवढंच. खाली नाव.

पण पत्ता बदलला की धो धो उत्तरं येतील, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही पाठवलेले दोन्ही अंक मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. फरक पत्त्यापुरता नाही.

2020 चा अंक जेमतेम चारशे शब्दांचा आहे. त्यात तुम्ही एका वाटणीपत्राची एक ओळ दिली आहे आणि लिहिलं आहे, ‘शेताचं नाव मळई आहे की मळवी, शेवटचं अक्षर पुसट आहे, दोन दिवस झाले मला लागत नाही. तुमच्याकडे असं नाव कुणी ऐकलंय का?’ आणि त्याखाली, पुढच्या पत्रातला तुकडा तुम्हीच जोडला आहे: कराडच्या एका वाचकाने कळवलं की मळई म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, आमच्याकडे अजून म्हणतात. त्याच्या उत्तरामुळे तुमची ओळ लागली.

नवा अंक 3,400 शब्दांचा आहे. सात उपशीर्षकं आहेत. कर्जरोखा म्हणजे काय, त्याची भाषा, व्याजाचे दर, साक्षीदार, शिक्के, अक्षरवळण, शब्दार्थ. माहिती चोख आहे, तुमचा अभ्यास पानापानावर दिसतो. पण त्यात वाचकाला बसायला जागा नाही. सगळं तुम्हीच सांगून टाकलं आहे. वाचक ‘छान’ म्हणतो आणि बंद करतो. ‘छान’ एवढंच कळवायला कुणी मेल लिहीत नाही.

तुम्ही ज्या कागदांत बुडालेल्या असता त्यांचंच उदाहरण देते. पेशवाईतल्या पत्राचा मायना आठवा. दंडवत, विनंती झाली की पहिलं वाक्य काय येतं? ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे.’ इकडचं ठीक आहे, तिकडचं कळवत जा. कितीही घाईचं, कितीही कामाचं पत्र असो, मजकुराला हात घालण्याआधी समोरच्याकडे उत्तर मागितलेलं असतं. तो निव्वळ रिवाज झाला होता हे खरं, पण रिवाज मुळात गरजेतून पडतो. साताऱ्याहून पत्र घेऊन निघालेला जासूद परत येईपर्यंत तिकडचं काहीच कळायचं नाही, त्या काळात हे वाक्य मनापासूनच लिहिलं गेलं असणार.

तुमच्या नव्या अंकांत ‘येथील कुशल’ भरपूर आहे. ‘स्वकीय कुशल’ राहून गेलंय.

‘आपला अभिप्राय जरूर कळवावा’ हे त्याच्या जागी चालत नाही. अभिप्राय म्हटलं की माणसाला परीक्षेला बसल्यासारखं होतं. मी एका मासिकात बावीस वर्षं वाचकपत्रांच्या टेबलावर काम केलं. ‘अंक कसा वाटला’ असं विचारलं की तीच तीच पंधरा माणसं लिहायची आणि तेच तेच लिहायची. एका दिवाळीनंतर आम्ही विचारलं, ‘तुमच्याकडे करंजीच्या सारणात काय घालतात?’ टपाल दोन पोत्यांतून आलं. पोस्टकार्डावर, वहीच्या फाडलेल्या पानावर, लग्नपत्रिकेच्या मागे. ज्यांनी जन्मात कुठल्या अंकाला पत्र लिहिलं नव्हतं त्या बायकांनी लिहिलं, कारण उत्तर त्यांना माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं.

तुमचा प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर वाचकाच्या घरात आहे आणि तुमच्याकडे नाही.

आता तुमच्याकडे हे नवे हजार वाचक कुठून आले ते बघा. 2023 मध्ये सरकारने जुन्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली, तालुक्यातालुक्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि ज्या घरांत आजोबांचा कागद ‘काहीतरी जुनं आहे’ म्हणून पडून होता तो बाहेर निघाला. पहिले साठ जण लिपीच्या ओढीने आले होते. हे हजार जण आपल्या माणसाचं नाव शोधत आले आहेत. त्यांना अक्षरवळणाच्या बारकाव्यांची गोडी लागेल, पण ती पुढची पायरी. आधी त्यांना कुणीतरी विचारायला हवं, की तुमचा कागद कुठला.

म्हणून नवीन नाव नोंदवणाऱ्याला आपोआप जे स्वागताचं पत्र जातं, ते बदला. सध्याचं मी वाचलं. त्यात आधीच्या सगळ्या अंकांची यादी आहे. ती काढा आणि एकच प्रश्न ठेवा:

‘तुमच्या घरी मोडी कागद आहे का? असेल तर तो कुठे ठेवलाय, एवढंच कळवा. फोटो लगेच नको.’

मी ‘कुठे ठेवलाय’ मुद्दाम म्हणते. ‘कागद कशाचा आहे’ हे त्यांना सांगता येणार नाही, वाचताच येत नाही म्हणून तर ते तुमच्याकडे आलेत. पण कुठे आहे हे प्रत्येकाला माहीत असतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. देवघराच्या मागच्या खणात. काकांकडे, आणि काका दाखवत नाहीत. बिस्किटाच्या डब्यात, सोबत डांबराच्या गोळ्या. एका ओळीत, बसची वाट बघताना लिहिता येण्यासारखं उत्तर आहे. आणि त्या एका ओळीतून तुम्हाला घर दिसतं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला त्याच्या आधी आणि नंतरही ते घरोघर कागदांसाठीच हिंडले. कागद कुठल्या फडताळात आहे हे घरातलं माणूसच सांगू शकतं. तुम्हाला हिंडावं लागणार नाही, पण विचारावं लागेल.

हा प्रश्न शेवटी ठेवू नका. त्याला एक तांत्रिक कारण आहे आणि ते मराठीत लिहिणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवावं असं आहे. साधारण 102 केबीपेक्षा मोठी मेल जीमेल मध्येच कापतं आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी बारीक ओळ खाली दाखवतं. ती फार थोडे लोक दाबतात. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. ‘मोडी’ या शब्दात म, ओकार, ड आणि ईकार अशी चार चिन्हं, म्हणजे 12 बाइट. हाच शब्द रोमन लिपीत 4 बाइटमध्ये बसतो. तुमचे 3,400 शब्द साठ केबीच्या आसपास जातात आणि वर साच्याच्या रंगांचा, चौकटींचा, बटणांचा भार. माझ्या फोनवर तुमचा अंक शब्दार्थांच्या मध्यात तुटला. ‘अभिप्राय जरूर कळवावा’ ही ओळ मला दिसलीच नाही. तेव्हा साचा साधा करा, अंक हजार शब्दांच्या आत आणा, आणि विचारायचं ते पहिल्या दोन परिच्छेदांत विचारा.

आता नावाचं. फॉर्मात मी सवयीने आडनाव आधी लिहिलं. पत्र आलं ते ‘नमस्कार’ आणि पुढे माझं नुसतं आडनाव. ताई, तुम्ही शिक्षिका, तुम्हाला लगेच कळेल: हजेरी घेतल्यासारखं वाटलं. आणि ज्यांनी नीट नाव लिहिलं त्यांचंही बरं होतं असं नाही. साताऱ्याच्या बाईंनी ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना ‘नमस्कार वसंत’ म्हणायचं? आपल्याकडे नुसत्या नावाने हाक मारायला नातं लागतं. राव, काका, ताई, बाई, सर यांतलं कुणाला काय लावायचं हे यंत्राला ठरवता येत नाही. ते नाव काढून टाका.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. मासिक सोडल्यावर मी स्वतःचं एक ई-पत्र काढत होते. छापील अंकाच्या वर्गणीदारांची जुनी यादी जशीच्या तशी घातली आणि वर ‘श्री.’ आणि नाव. तिसऱ्या पत्राला एक उत्तर आलं. ‘ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावाने पत्र आलं की पहिल्यांदा धस्स होतं. पण पत्र मी वाचते, बंद करू नका.’ मी त्यांना त्याच रात्री उत्तर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी यादीतलं प्रत्येक ‘श्री.’ काढलं. त्या बाई पुढे सहा वर्षं मला लिहीत होत्या. त्यांच्याकडून मी जे शिकले ते हे, की मी ज्याला पत्र पाठवते तो आणि ते वाचतो तो, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. वाचणाऱ्याला हाक मारायची तर ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’ (विनंती विशेष) इतकं पुरे आहे, आणि मोडीच्या पत्राला ते शोभूनही दिसतं.

‘वाचकहो’, ‘मित्रांनो’, ‘मंडळी’ हेही नको. ती सभेची हाक आहे आणि सभेत हात वर करायला धीर लागतो. लिहिताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवा. साने गुरुजी ‘साधना’ साप्ताहिकात पुतणीला, सुधाला लिहिलेली पत्रं छापत. साप्ताहिकाचे सगळे वाचक ती वाचत, पण पत्र मात्र सुधालाच असे, आणि म्हणूनच वाचणाऱ्याला ते आपल्याला आल्यासारखं वाटे. तुमच्यासाठी तो कराडचा मळईवाला घ्या. त्याला लिहा. ‘आपण’ काढा, ती बँकेच्या नोटिशीची भाषा आहे. ‘तुम्ही’ म्हणा. आणि वाचलंत का, सापडलं का, आठवतंय का, अशी क्रियापदं वापरा. त्यांत पुरुष-बाई असा भेद पडत नाही, कुणीच बाहेर राहत नाही.

तुम्ही विचारलंत, स्वतःविषयी जास्त लिहू का. घरातलं, तब्येतीचं लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, पण वाचकाशी नातं त्याने जुळतं असं मला वाटत नाही. ‘दोन दिवस झाले मला लागत नाही’ या सहा शब्दांत तुम्ही जितक्या दिसलात तितक्या नव्या अंकाच्या 3,400 शब्दांत कुठेच दिसला नाहीत. अडलेलं सांगा. मात्र खरोखर अडलेलंच. उत्तर माहीत असून कोडं घालायचं ही शिक्षकाची सवय असते, ती इथे सोडा. वाचकाला ते ओळखू येतं.

चाळीस टक्क्यांच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. मेलमध्ये एक अदृश्य चित्र असतं, ते उतरवलं गेलं की ‘उघडलं’ अशी नोंद होते. सप्टेंबर 2021 पासून ॲपलची मेल ही चित्रं आपणच आधी उतरवून ठेवते, माणसाने पत्र बघितलेलं असो वा नसो. उलट काहींच्या मेलमध्ये चित्रं बंद असतात, ते वाचूनही मोजले जात नाहीत. तुम्ही एक वही करा. तारीख, कुणाचं उत्तर, कागद कुठे आहे, तुम्ही काय कळवलंत. तोच तुमचा आकडा.

आणि उत्तरांना उत्तर द्या. हे सगळ्यात कष्टाचं आहे, आणि माझ्या मते बाकी सगळं मिळून याच्या निम्म्यानेही महत्त्वाचं नाही. समजा पंधरवड्याला तीस पत्रं आली, तर दिवसाला दोन होतात. दोन-तीन ओळी पुरतात, पण त्याने लिहिलेल्यातलं काहीतरी त्यात यायला हवं. त्याने बिस्किटाचा डबा म्हटलं असेल तर तुम्ही लिहा, ‘डांबराच्या गोळ्या काढा, कागद सुती कापडात गुंडाळा.’ ‘आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद’ लिहिणार असाल तर त्यापेक्षा आठ दिवस थांबा आणि नीट लिहा. मग पुढच्या अंकाची सुरुवातच त्या उत्तरांनी करा. ‘मागच्या वेळी विचारलं होतं, कागद कुठे आहेत. सांगलीहून एकजण लिहितात, म्हशीच्या गोठ्याच्या आढ्याला.’ हे वाचून गप्प बसलेला दहावा माणूस लिहायला घेतो.

इथे एक काळजी. हे घरचे कागद आहेत. त्यात कर्ज असतं, वाटणी असते, दत्तक असतं, जात असते. कोर्टात चाललेला दावा असतो. विचारल्याशिवाय एक ओळही छापू नका, आणि परवानगी मिळाली तरी नाव आणि गट नंबर झाका. तुमच्यावर विश्वास टाकून दाखवलेला कागद भाऊबंदांच्या हाती पुरावा म्हणून गेला, तर त्या घरात पुन्हा कुणी ट्रंक उघडणार नाही.

लोक चाळीस-चाळीस पानांचे फोटोही पाठवतील. आधीच सांगून ठेवा: एका घरची एका वेळी एक ओळ, तीही जमेल तशी, आणि सरकारदरबारी द्यायचं लिप्यंतर अधिकृत जाणकाराकडूनच करून घ्या. असं स्पष्ट सांगितल्याने कुणी दुरावत नाही. तीन महिने फोटो पाठवून वाट बघायला लावल्याने दुरावतात.

व्हॉट्सॲप ग्रुप नको. एका ग्रुपमध्ये 1,024 जण मावतात, तुम्ही 1,140 आहात. मावले असते तरी नकोच म्हटलं असतं. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि आजोबांच्या कर्जाची गोष्ट कुणी हजार जणांसमोर काढत नाही. वाचकाला फक्त तुम्हाला एकटीला लिहिता येतं, हेच तर मेलचं बळ आहे.

काही जण नावं काढून घेतील. नोंद सापडली, काम झालं, गेले. त्यांना सहज जाऊ द्या, ‘नाव काढा’ची ओळ वाचता येईल अशी मोठी ठेवा. कारण विचारणारा फॉर्म लावू नका.

पहिल्या महिन्यात पाच-सातच उत्तरं आली तरी नाराज होऊ नका. चौदा महिने बंद असलेलं दार उघडं झालंय हे लोकांना कळायला वेळ लागतो. पाचांना नीट उत्तरं द्या आणि वहीत लिहा.

कळावे, लोभ असावा.

ता. क. तुमचा प्रश्न मी तुमच्या आधीच विचारून बसले, तर उत्तरही माझ्यापासूनच घ्या. आमच्या घरी एक मोडी कागद आहे. आईच्या शिवणयंत्राच्या उजव्या खणात, बॉबिनच्या डबीखाली, चौघडी घातलेला. मला मोडी येत नाही. आई म्हणायची तो तिच्या आजीच्या माहेरचा आहे, पण कशाचा ते तिलाही ठाऊक नव्हतं. पत्ता बदलल्याचं कळवा, पहिल्या ओळीचा फोटो पाठवते.